दोन जुन्या जीप, एक चार-दारी पिकअप: आधी खडू, मग ग्राइंडर

प्रश्न थोडक्यात असा. हाताशी 131 इंची व्हीलबेसचा (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) जुना जीप जे-10 पिकअप आहे. चासी आणि हौदा (मागचा माल ठेवायचा भाग) धड आहेत, केबिनचा तळ मात्र गंजून चाळण झालाय. शेजारी त्याच काळातली चार दारांची वॅगोनीअर, म्हणजे जीपचीच वॅगन, उभी आहे, मागून जबर ठोकर खाल्लेली, पण मागच्या दारापर्यंत शाबूत. दोन्हींतून चार दारांचा पिकअप करायचा आहे. पिकअपच्या दोन केबिन जोडाव्यात की वॅगोनीअरचं अंग घ्यावं? चासी लांबवावी लागेल का? टपाचा सांधा कुठे घ्यावा?

वॅगोनीअर घ्या. इंजिनमागच्या फायरवॉलपासून मागच्या दारामागच्या खांबापर्यंत तिचं अंग अखंड ठेवा, आणि पिकअपच्या केबिनमधून फक्त पाठीमागची भिंत काढून घ्या, खिडकीसकट. चासी बहुधा लांबवावी लागेल. किती, ते जमिनीवर खडूने आखल्याशिवाय मीच काय, कुणीही सांगू शकणार नाही.

अशा तीन गाड्या मी बांधल्या. पहिली गाडी दोन केबिन जोडून केली होती, म्हणून हे ठासून सांगतोय. पिकअपचं पुढचं दार मागे वापरायचं ही कल्पना कागदावर सोपी दिसते. पण दार म्हणजे नुसता पत्रा नसतो. बिजागऱ्या, त्या पेलणारा खांब, लॅच, लॅच जिथे अडकतं तो स्ट्रायकर, काच, काचेची खाच, रबर, पाणी निथळायची भोकं, हा सगळा एकमेकांवर बेतलेला संसार असतो. दारांच्या काचा टफन केलेल्या असतात. त्या कापता येत नाहीत, कापायला गेलं की भुगा होतो. म्हणजे दाराची चौकट एक इंच जरी आखूड केली तरी काच नवीनच करून घ्यावी लागते, आणि तीही वळणदार असेल तर विसरा. वॅगोनीअरमध्ये हा अख्खा संसार कारखान्यातून जुळून आलेला आहे. तो मोडून पुन्हा मांडण्यात माझे पहिल्या गाडीचे चार महिने गेले, आणि तरीही मागचं डावं दार शेवटपर्यंत खांदा मारूनच बंद व्हायचं.

कारण नंतर कळलं. दाराच्या वरच्या आणि खालच्या बिजागरीच्या खिळ्यांचा अक्ष एकच असावा लागतो. खांब तुमच्या हाताने वेल्ड केलेला असेल तर एक सरळ सळई दोन्ही बिजागऱ्यांच्या भोकांतून आरपार घालून बघा. सळई सहज फिरली पाहिजे. अडकली, तर दार उघडताना एक बिजागरी दुसरीशी भांडत राहणार. माझी सळई तळाशी जेमतेम तीन मिलिमीटर बाहेर होती. तीन मिलिमीटर!

तुमचं नशीब असं की ही जोडी मुळात भावंडांची आहे. वॅगोनीअर आणि ग्लॅडिएटर पिकअप दोन्ही 1963 च्या मॉडेल म्हणून जीपच्या टोलेडोच्या कारखान्यातून एकत्र आल्या. आखणी डिझायनर ब्रुक्स स्टीव्हन्सची, पुढचं तोंड एकच. 1970 मध्ये अमेरिकन मोटर्सने जीप घेतली, पुढे पिकअपचं ग्लॅडिएटर हे नाव गेलं आणि जे-मालिका म्हणू लागले, तरी मूळ अंगकाठी तीच राहिली. वॅगोनीअर तर ग्रँड वॅगोनीअर होऊन 1991 पर्यंत निघत होती. इंटरनॅशनल हार्वेस्टरवाल्यांना हा खटाटोप करायची फारशी गरज पडत नाही, कारण त्यांची ट्रॅव्हलेट पिकअप 1957 पासूनच लांब केबिनची होती. डॉजने 1963 मध्ये आणि शेव्हरोलेने 1973 मध्ये कारखान्यातूनच तशा केबिन द्यायला सुरुवात केली. ग्लॅडिएटर हे नाव 2020 च्या मॉडेलला परत आलं तेव्हा ते फक्त चार दारांतच आलं. जुन्या जीपवाल्याला मात्र हातात ग्राइंडर घ्यावा लागतो.

एक इशारा. भावंडं असली तरी जुळी समजू नका. 1979 पर्यंतच्या या गाड्यांत पुढच्या आसाच्या हाउसिंगचा गोळा (डिफरन्शियल) प्रवाशाच्या बाजूला असतो, 1980 पासून तो ड्रायव्हरच्या बाजूला गेला. चासी एका काळातली आणि तळ दुसऱ्या काळातला असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) आणि तळावरचा उंचवटा यांची टक्कर होऊ शकते. बॉडी माउंटही (अंग चासीला जिथे बोल्टने बसतं त्या जागा) जुळतीलच असं धरून चालू नका. तळाखाली आडवे होऊन सगळ्या जागा टेपने मोजा, लिहून ठेवा.

आता खडू. हा सगळ्या कामाचा गाभा आहे, आणि लोक नेमका इथेच घाई करतात.

सपाट फरशीवर चासीची बाजूने दिसणारी आकृती पूर्ण मापात आखा. पुढच्या चाकाचा मध्य, मागच्या चाकाचा मध्य, जुन्या केबिनची पाठ, हौद्याची पुढची भिंत, हौद्याचं शेपूट. त्यावर वॅगोनीअरची केबिन फायरवॉलशी जुळवून आखा. तिची नवी पाठ जुन्या पाठीपासून किती मागे जाते ते बघा. माझ्या शेवटच्या गाडीत ती 31 इंच मागे गेली. म्हणजे हौदाही 31 इंच मागे. पण मागचं चाक आहे तिथेच आहे! त्यामुळे हौद्यावरची चाकाची कमान चाकाच्या 31 इंच मागे जाऊन बसते.

यावर दोनच उपाय आहेत. हौदा कमानीच्या पुढे कापून आखूड करायचा, किंवा चासी लांबवून चाक मागे न्यायचं. माझ्या हौद्यात पुढच्या भिंतीपासून चाकाच्या मध्यापर्यंत 41 इंच होते. त्यातली चाकाच्या कमानीची अर्धी रुंदी 17 गेली, उरले 24. पुढच्या कोपऱ्याचा खांब आणि त्यालगतची घडी यांसाठी चार इंच सोडावेच लागतात. म्हणजे कापता येण्याजोगे 20. बाकीचे 11 इंच चासीत घालावे लागले. व्हीलबेस 131 चा 142 झाला, आणि 96 इंचांचा हौदा 76 वर आला. सहा फुटांहून थोडा जास्त, कामाला पुरेसा. हे आकडे माझ्या गाडीचे आहेत, तुमचे तुम्ही काढा. पण हिशेब हाच.

हौदा कमानीच्या मागे कापून भागेल का, असं हमखास विचारलं जातं. नाही. मागून कापलं की शेपूट आखूड होतं, पण कमान चाकावर येत नाही. आणि सगळीच वाढ चासीत घालू असं म्हणाल तर 162 इंची व्हीलबेस होईल. अशी गाडी वळवायला मैदान लागतं आणि मध्ये पोट टेकतं. मी 145 च्या पुढे जाऊ नका म्हणेन. हा नियम कुठे छापलेला नाही, माझा अनुभव आहे.

खडूच्या याच आकृतीवर आणखी एक गोष्ट दिसेल. वॅगोनीअरच्या मागच्या दाराचा खालचा मागचा कोपरा चाकाच्या कमानीसाठी आत कापलेला आहे. मूळ गाडीत मागचं चाक दाराला खेटून होतं. आता ते चाक कितीतरी मागे गेलं, तरी दाराला तो वाकडा चावा तसाच राहतो. बरेच जण तो तसाच सोडतात आणि गाडी आयुष्यभर अर्धवट दिसते. दार चौकोनी करा. त्यासाठी बाहेरचा पत्रा, आतली चौकट आणि अंगावरचा दाराचा गाळा हे तिन्ही खाली उतरवावे लागतात. क्रम महत्त्वाचा: आधी गाळा पूर्ण करा, मग त्यात बसेल असं दार. उलट केलंत तर दार सुंदर होईल आणि गाळा त्याच्याशी कधीच जुळणार नाही. दाराच्या तळाला पाणी निथळायची भोकं ठेवायला विसरू नका. नवीन कोपरा म्हणजे पाणी साठायची नवीन जागा.

कापण्याआधी आधार. वॅगोनीअरचं अंग तिच्या स्वतःच्या चासीवर, बोल्ट कसलेले, चारही दारं लावलेली आणि फटी ठीक असताना आधार घाला. इंची चौकोनी नळी पुरे. प्रत्येक दाराच्या गाळ्यात एक तिरकी, उंबऱ्यालगत एक आडवी, शिवाय डाव्या मधल्या खांबापासून उजव्या मधल्या खांबापर्यंत आडवी. आधार दार बंद होण्याच्या आड येणार नाहीत असे आतल्या बाजूने घ्या, कारण दार हेच तुमचं मोजमापाचं हत्यार आहे. प्रत्येक गाळ्याचे दोन्ही कर्ण मोजून तिथेच पत्र्यावर मार्करने लिहा. माझ्या गॅरेजमध्ये हे आकडे रंग लागेपर्यंत पुसायचे नाहीत असा दंडक आहे. पुढे प्रत्येक वेल्डनंतर ते पुन्हा मोजायचे. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला की थांबायचं.

आधार घालण्यापूर्वी उंबऱ्याचा गंज काढून घ्या. या गाड्यांचे उंबरे आणि तळाच्या कडा खाऊन जातातच. कुजक्या उंबऱ्यावर घातलेला आधार म्हणजे वाळूत रोवलेला खुंटा.

पाठीमागची भिंत. वॅगोनीअरचं मागचं अंग कापलं की उरतं ते मागून उघडं खोकं, आणि खोकं पिळवटतं. त्याला ताठ करते ती ही भिंत. पिकअपच्या केबिनची भिंत कापताना सोबत बाजूच्या कोपऱ्यांची वळणं आणि टपाची मागची सहा-आठ इंचांची पट्टीही घ्या. जास्तीचं नंतर कापता येतं. मग वॅगोनीअरच्या अंगाची रुंदी तीन उंचींवर मोजा: उंबऱ्याशी, खिडकीच्या तळरेषेशी आणि टपाच्या कडेच्या पन्हळीशी. भिंतीचीही तशीच मोजा. माझ्याकडे खाली आणि मध्ये जुळलं, वर पन्हळीशी प्रत्येक बाजूला जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक निघाला. तो कोपऱ्याच्या वळणात उभ्या चिरा देऊन आत ओढला. ओढताना एकदम नाही, चार चिरा दिल्या आणि प्रत्येकीत थोडं थोडं.

टपाचा सांधा हा तुमचा शेवटचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात चांगला. सपाट टपाच्या मधोमध आडवा सांधा कधीही घेऊ नका. वेल्ड गार होताना आक्रसतो, सपाट पत्र्याला तो ताण लपवायला जागाच नसते, आणि मग टप डब्याच्या झाकणासारखा वाजतो. हाताने दाबलं की टक्क, सोडलं की टक्क. सांधा अशा जागी घ्या जिथे पत्रा वळायला लागलाय. मागच्या भिंतीकडे टप उतरू लागतो ती रेषा त्यासाठी बरी. वळलेला पत्रा स्वतःच ताठ असतो.

दोन्ही पत्रे कडेला कड लावून जोडा, एकावर एक चढवून नाही. चढवलेल्या सांध्यात पाणी शिरतं आणि दोन वर्षांनी रंगाखाली फोड येतात. फट वेल्डिंगच्या तारेच्या जाडीएवढी. आधी दोन-दोन इंचांवर टाके. मग प्रत्येक दोन टाक्यांच्या मध्ये एक, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, एका जागी उष्णता साठू न देता. टाका टाकला की पत्र्याच्या पाठीला हात लावा. हात टिकत नसेल तर चहाला जा. ओलं फडकं लावून गार करण्याच्या मी विरोधात आहे. घाईने गार झालेला पत्रा कुठे ओढला जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

टाके घासून झाले की खरं काम सुरू होतं. वेल्डची रेषा आक्रसलेली असते, तिला पुन्हा ताणायचं. खालून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) थेट वेल्डखाली धरा आणि वरून हलक्या हातोडीने मारा. डॉलीवर बरोबर बसलेला घाव टणटणीत वाजतो, चुकलेला भदभद. कानाने कळतं. मग सुती हातमोजा घालून तळहात टपावरून लांब लांब फिरवा, बोटं नाही, तळहात. उघड्या हाताला जाणवत नाही तो खड्डा मोज्यातून जाणवतो. मी टपाला अडीच दिवस दिले, तेव्हा पुटीचा थर नखाएवढाही लागला नाही. उलट पहिल्या गाडीला मी पुटी थापली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात सांध्याची अख्खी रेषा रंगातून वर आली.

चासी. इथे मी कमी बोलेन, कारण हे काम पूर्वी केलेलं नसेल तर चासीवाल्याकडूनच करून घ्यावं. करून घेताना काय बघायचं ते सांगतो. कापायची जागा केबिनचं शेवटचं माउंट आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची पुढची पकड यांच्या मधल्या सरळ भागात असावी. काप सरळ उभा नको, पायरीचा किंवा तिरका हवा. घातलेला तुकडा मूळ पत्र्याच्याच जाडीचा. आतून आधाराची पट्टी घालावी, आणि तिची टोकं चौकोनी न ठेवता माशाच्या शेपटीसारखी कापलेली असावीत. चौकोनी टोकाचा उभा वेल्ड म्हणजे चासीला इथे मोड असं सांगणं. वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीत नवीन भोकं पाडायची नाहीत. सगळा ताण तिथेच चालतो. कापण्याआधी चासीला कापाच्या दोन्ही बाजूंनी टेकू हवेत, नाहीतर कापताक्षणी ती बसते आणि नंतरची मापं खोटी ठरतात. कर्ण इथेही मोजायचे, पुढच्या पकडीपासून मागच्या पकडीपर्यंत.

लांब व्हीलबेसला मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्टही लांब. शाफ्ट ज्या वेगाला दोरीसारखा फडफडू लागतो तो वेग लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. लांबी दीडपट केली की तो निम्म्याच्याही खाली येतो. म्हणून नुसती नळी लांबवू नका. दोन तुकड्यांचा शाफ्ट आणि मध्ये सेंटर बेअरिंग, त्याला चासीत स्वतःचा आडवा पट्टा. शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉसचे काटे जुळवून बसवायचं काम शाफ्टवाल्याला करू द्या. ब्रेकची नळी जोडून लांबवण्यापेक्षा एक अखंड नवीन ओढा, टोकं डबल फ्लेअरची, म्हणजे दुहेरी दुमडून पसरवलेली. हँडब्रेकची केबल नवीन. वायरिंगबद्दल एवढंच, की मागच्या दिव्यांची अर्थ वायर चासीच्या भरवशावर सोडू नका.

केबिन आणि हौदा यांच्यामधली फट. दुसऱ्या गाडीला मी ती अर्धा इंच ठेवली होती, कारण डोळ्याला छान दिसत होती. गॅरेजातून बाहेर काढताना एक चाक फुटभर उंच कडेवर चढलं आणि हौद्याचा वरचा कोपरा केबिनच्या पाठीला घासला. नव्या रंगावर हातभर ओरखडा! चासी पिळवटते, केबिन आणि हौदा वेगवेगळे डोलतात, म्हणूनच कारखान्यानेही ते वेगळे ठेवलेत. सव्वा इंच ठेवा. रंगाआधी एक मागचं चाक जॅकवर उचलून बघा, फट वरच्या टोकाला किती आवळते ते.

मागच्या सीटच्या पट्ट्या. कुटुंब बसवणार असाल तर इथे तडजोड नको. पट्ट्यांचे बोल्ट 7/16 इंची, बारीक आट्यांचे, सीटबेल्टसाठीच बनलेले घ्या. तळाच्या पत्र्याखाली तळहाताएवढी तीन मिलिमीटर जाडीची पट्टी वेल्ड करून तिच्यात नट बसवा. नुसत्या पत्र्याला वॉशर लावून आवळलेला बोल्ट धक्क्यात पत्रा फाडून वर येतो. खांद्याची पट्टी हवी असेल तर वरची पकड खांबाच्या आत मजबुतीची पट्टी घालून करा, आणि ती टपाच्या सांध्याआधी, कारण नंतर तिथे हात जाणार नाही.

कागदपत्रं ग्राइंडरच्या आधी. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, तेव्हा तुमच्या राज्याच्या मोटार वाहन खात्यात जाऊन विचारा की पिकअपच्या चासीवर वॅगनचं अंग चढवलं तर नोंद कशी होईल. दोन्ही गाड्यांची मालकीची कागदपत्रं आणि खरेदीच्या पावत्या जपा, कापण्याआधीचे फोटो काढा. आणि एका गाडीच्या नंबराची पट्टी रिवेट तोडून दुसऱ्या गाडीवर लावायचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नका. तो फेडरल गुन्हा आहे.

गाडी रस्त्यावर आल्यावर पहिल्या दोन-तीनशे मैलांत बॉडी माउंटचे रबर बसतात आणि बोल्ट सैल होतात. ते पुन्हा कसा, चासीच्या वेल्डवर टॉर्च धरून केसासारखी चीर दिसते का बघा, आणि मार्करने लिहिलेले कर्ण एकदा शेवटचे मोजा. रंगाखाली गेले असतील तर वहीत उतरवलेले आकडे काढा. मग मागची दोन्ही दारं दोन बोटांनी ढकलून बघा, लॅच लागल्याचा आवाज एकच यायला हवा. दोनदा वाजलं तर स्ट्रायकर पुन्हा जुळवायचा आहे.